जलसाक्षीचा अर्ज परत का येतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. तुमच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, जिथे प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन लिहून गोष्ट खेळतो, एक पर्यायी पुणं आहे. तिथल्या पाण्याला आठवण असते. ती आठवण ऐकू येणारी माणसं म्हणजे जलसाक्षी, आणि अख्ख्या शहरात ती एका वेळी तीनच. एक जागा रिकामी झाली, तुम्ही अर्ज केलात, सोबत ४००० शब्दांची बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची पूर्वकथा, जोडलीत. ती दोनदा ‘पटत नाही’ एवढ्याच शेऱ्यानिशी परत आली. पात्राचं नाव ईशान. जन्म ग्रहणात, त्याच क्षणी वाड्यातली विहीर भरून वाहिली, आईवडील अपघातात गेले, सातव्या वर्षी एका साधूने तांब्याचा गडू दिला आणि भाकीत सांगितलं. आता तुम्ही विचारताय, पटण्यासाठी यात आणखी काय घालू?

काही घालू नका. आहे त्यातलं निम्मं काढायचंय.

ईशान या जागेला कसा लायक आहे, हे तुम्ही ४००० शब्द सिद्ध करत बसला आहात. ते तुम्हाला कुणी विचारलेलंच नाही. लायकी पुढे खेळताना, पोस्टी वाचताना कळते. अर्ज वाचणाऱ्या मॉडरेटरच्या डोक्यात दोन वेगळे प्रश्न असतात. हे पात्र आत आलं तर आपलं जग होतं तसं उभं राहतं का? आणि बाकीच्या तीस-चाळीस जणांना त्याच्याशी खेळायला काही मिळतं का? तुमच्या कथेत या दोन्हींचं उत्तर नाही. म्हणून शेरा एवढासा आहे. आळशीपणा थोडा असेलही, मॉडरेटर फुकटात काम करतात.

मी गेली बारा वर्षं मराठीतून टेक्स्ट रोलप्ले चालवते, आधी फोरमवर आणि मग डिस्कॉर्डवर. पोटापाण्यासाठी सोसायट्यांचे हिशेब तपासते, कोथरूडपासून धनकवडीपर्यंत. दोन्हीकडे काम साधारण सारखंच: समोरचा सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि व्हाउचर कुठंय ते विचारायचं.

काही गोष्टी तुमच्या सर्व्हरवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. जलसाक्षी होणं वंशाने मिळतं, शिकून येतं की अपघाताने अंगाला चिकटतं, हे तुमच्या लोअरमध्ये, म्हणजे त्या जगाच्या लिहून ठेवलेल्या माहितीत, ठरलेलं असणार. फासे टाकून निकाल लावत असाल तर शक्तीची मर्यादा आकड्यांतच येते. मुक्त लेखन असेल तर ती तुम्हालाच शब्दांत लिहावी लागते. आणि ती जागा मॉडरेटरने मनातल्या मनात कुणाला देऊन टाकली असेल, तर जगातली कुठलीच बॅकस्टोरी पटणार नाही. तसं नाही असं धरून पुढे लिहिते.

आधी माझी फजिती. माझ्या पहिल्या गटात मला अशीच एक दुर्मिळ भूमिका मिळाली होती, दुसऱ्याची स्वप्नं वाचणारी बाई. अकरा पानं बॅकस्टोरी लिहिली होती, आणि त्या काळी ती जोरदार वाटली होती. खेळ सुरू झाला. मी प्रसंगात शिरले की सगळे थांबायचे, माझ्याकडे बघायचे, मी स्वप्न वाचून उत्तर द्यायचे आणि प्रसंग संपायचा. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने ओओसीमध्ये (पात्राबाहेर येऊन बोलायच्या जागी) लिहिलं, ‘ताई, तुम्ही आलात की आमचं काम संपतं.’ त्या रात्री अकरा पानं पुन्हा काढून वाचली. त्यात जिवंत माणूस एकही नव्हतं. आई गेलेली, गुरू गेलेले, गाव जळालेलं. सगळ्यांना मीच मारून ठेवलं होतं.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्या गटांत होतं असंही नाही. २००३ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या ऑनलाइन गेममध्ये जेडाय, म्हणजे खास शक्ती असलेला योद्धा, ही भूमिका सुरुवातीला निवडताच यायची नाही. कुठकुठले व्यवसाय पूर्ण शिकल्यावर ती उघडते हे लपवून ठेवलेलं होतं. मग होलोक्रॉन नावाच्या वस्तूंमधून इशारे मिळायला लागले. झालं, लोक धडाधड स्वयंपाकी, शिंपी, नर्तक व्हायला लागले. त्या कामात जीव म्हणून नव्हे, यादीत खूण करायची म्हणून. २००५ मध्ये तर जेडाय थेट सुरुवातीच्याच पर्यायांत येऊन बसला, आणि २०११ मध्ये गेम बंद झाला. बंद पडायला कारणं अनेक असतील, पण दुर्मिळ भूमिकेभोवती नुसतं कुंपण घातलं की सगळ्यांचं लक्ष कुंपणाकडेच लागतं, हे त्यात स्वच्छ दिसतं. तुमचे मॉडरेटर त्यालाच घाबरतायत. तुमचा गडू, ग्रहण, भाकीत, हे सगळं कुंपणावरून उडी मारण्याचं वर्णन आहे. पलीकडे उतरल्यावर ईशान सकाळी उठून काय करतो, त्याबद्दल एक ओळ नाही.

आता मुद्द्याचं. ‘शहरात तीनच’ हा आकडा आहे, आणि आकडा आला की हिशेब आला. सुरुवातीची शिल्लक काय? आधी या जागेवर कोण होतं, ते मेलं की सोडून गेलं? जागा किती दिवस रिकामी होती आणि त्या काळात ते काम कुणी अर्धवट रेटलं? कुणाला ही जागा हवी होती आणि मिळाली नाही? ही शेवटची नोंद नव्वद टक्के अर्जांत नसते (टक्का माझा, अंदाजपंचे), आणि खेळाला खरा चारा तिथेच असतो.

आपल्याकडे अशी मोजकी कामं कशी चालायची ते आठवा. गावात सुतार, लोहार, गुरव, जोशी यांचं काम घराण्यात, मोबदला सुगीला धान्यात, आणि हक्कावरून भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या. वतनाच्या भांडणांचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, मोडीत ढिगाने सापडतात. कुणीही त्या सुताराला ‘निवडलेला’ म्हणत नव्हतं. तो एका जागेवर बसलेला माणूस होता, आणि त्याच जागेवर डोळा ठेवून त्याचा चुलतभाऊ शेजारच्या घरात बसलेला होता. ईशानला तो चुलतभाऊ द्या. जिवंत द्या, आणि शक्यतो चांगल्या स्वभावाचा द्या. वाईट चुलतभाऊ लिहायला फार सोपा असतो.

अजून जवळचं उदाहरण पाणाड्याचं. विहीर किंवा बोअर घ्यायच्या आधी त्याला आजही बोलावतात. तळहातावर नारळ नाहीतर झाडाची दुबेळकी फांदी घेऊन तो रानातून फिरतो, नारळ उभा राहिला की खूण करतो. त्याला शास्त्रीय आधार नाही, तरी बोलावतात. पण त्याच्याभोवती माणसं कशी वागतात ते बघा. त्याची आरती कोणी ओवाळत नाही. चहा होतो, पैशाची घासाघीस होते, पाणी लागलं नाही तर गावभर नाव निघतं, आणि लागलं तर बोअरवाल्याचा रेट वाढतो. जादू असलेल्या माणसाशी शेजारीपाजारी असं वागत असतील, तर वाचणाऱ्याला जादूही पटते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे, कुठलं झाड आणि कुठल्या बाजूला वारूळ असलं की किती खोल पाणी, याचे आडाखे. म्हणजे विद्येचा काही भाग घोकायचाही होता. ईशानने काहीतरी घोकलेलं असू दे. नुसतं ‘आतून उमगणं’ फार स्वस्त पडतं.

आता तुमच्याच शहरावर हे बसवून बघू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला. पाणी नुसत्या उताराने यायचं. वाटेत उच्छ्वास (नळावरचे हवेसाठीचे बांधीव झरोके) बांधले आणि पेठांमध्ये हौद: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. आता जलसाक्षी ही सिद्धी आहे हे घटकाभर विसरा आणि ती नोकरी समजा. नळात गाळ कुठे साचलाय हे आत न उतरता, उच्छ्वासाला कान लावून सांगणारा माणूस. साफ करणारे खाली, हा वर. पुढे शहरात नळाचं पाणी आलं आणि हौदांची गरज संपली. नोकरी गेली, कान राहिला. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकाला ऐकू येतंय आणि त्याचा पगार कोणी देत नाही! यात भाकीत कुठेच नाही, तरी ईशान का आणि शेजारचा मुलगा का नाही, याचं उत्तर मिळतं.

नावाचंही तसंच. ‘जलसाक्षी’ हे मॉडरेटरच्या डॉक्युमेंटमधलं नाव आहे. पेठेत त्या घराला तीन पिढ्या कुणी जलसाक्षी म्हणेल का? म्हणणार ‘हौदवाले’. आणि मागे, जरा हळू आवाजात, ‘कानवाले’. पात्राला अधिकृत नाव एक आणि लोकांच्या तोंडचं नाव दुसरं असलं की जग जुनं वाटायला लागतं. खर्च शून्य.

मग हद्द. कात्रजच्या नळाचा जलसाक्षी कात्रजचंच पाणी ऐकतो, नागझरी ओढ्याचा नागझरीचं, मुठा नदीचा मुठेचं. पुणेकराला ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ समजावून सांगावं लागत नाही. ते वाक्य त्याने प्रत्येक खिडकीवर ऐकलंय. ईशान आता टाकीतलं पाणी ऐकतो, तर ते कुठून येतं आणि त्यातलं किती त्याच्या हद्दीतलं, हे ठरवताना तुमची मर्यादा आपोआप आखली जाते. ‘त्याला शक्ती वापरल्यावर थकवा येतो’ असली मर्यादा लिहू नका. थकवा सगळ्यांनाच येतो.

हद्दीवरून पानशेत. पाण्याची जादू आणि पुणं म्हटलं की दर वर्षी एक तरी अर्ज येतो, ज्यात आजोबांनी पानशेत धरण फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर आधीच ओळखला होता किंवा निम्मा थोपवला होता. तो मी न वाचता परत करते, हे उघड सांगते. धरणावर रात्रभर वाळूची पोती रचणारे लष्कराचे जवान खरे होते, आणि तुमच्या वाचकाच्या घरातलं कुणीतरी त्या दिवशी खरंच गच्चीवर उभं होतं. त्यांची रात्र आपल्या पात्राच्या नावावर करू नये. उलट लिहा, की कात्रजवाल्या आजोबांना त्या दिवशी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, कारण मुठा त्यांची नव्हतीच. मुठेच्या जलसाक्षीला ऐकू आलं होतं का? आजोबा त्यावर बोलायचे नाहीत. एवढंच लिहून थांबा. मुठेची जागा ज्याच्याकडे आहे त्या खेळाडूला तुम्ही आयती गोष्ट दिलीत, आणि मॉडरेटरला हे लगेच दिसतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला स्वतःला फार उशिरा सुचली. पुण्यातल्या पाण्याची गोष्ट लिहिताय तर ते पाणी कुणाला बंद होतं, हे टाळून चालणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. म्हणजे तोवर शहरात काय चाललं होतं ते उघड आहे. आता तुमच्याच नियमाने चला. पाण्याला जर स्पर्शाची आठवण असेल, तर ज्यांना हौदाला हात लावू दिला नाही त्यांची आठवण त्या हौदात नाहीच. हौदवाल्यांच्या घराण्याला शहराचा अर्धा इतिहास ऐकूच येत नाही आणि त्यांना वाटतं आपण सगळं ऐकतो. दैवी शापापेक्षा हे वैगुण्य खोल आहे, आणि ते बाहेरून चिकटवलेलं नाही, तुमच्या जादूच्या नियमातूनच निघतं. फक्त तुमच्या गटात जातीचा विषय कसा हाताळायचा याचे काही संकेत असतील तर आधी विचारून घ्या. हा विषय पात्राला रंग यावा म्हणून वापरायचा नसतो.

आता तुमच्या अर्जातलं एक वाक्य घेते: ‘अवघ्या सातव्या वर्षी ईशानच्या कानात जलदेवतेचा पहिला हुंकार घुमला आणि त्याला कळून चुकलं की तो इतरांसारखा नाही.’ यात चुकीचं काही नाही, पण धरायला काही नाही. मी असं लिहीन:

‘ईशानला भांडी विसळायला सांगायचं नाही, हा घरातला नियम. मावशी एकदा विसरली. तो पातेलं हातात धरून सिंकपाशी उभा राहिला, नळ तसाच सोडलेला. काय रे, म्हटल्यावर म्हणाला, गच्चीवर कोणीतरी रडतंय. मावशी वर जाऊन आली, गच्चीवर कोणी नव्हतं. आदल्या रात्री चौथ्या मजल्यावरचे काका टाकीला टेकून बसले होते, हे चार दिवसांनी कळलं. मावशीने त्याच संध्याकाळी त्याचं प्यायचं पाणी वेगळं केलं, उकळून गार केलेलं, झाकण लावलेल्या तांब्यात. उकळलं की पाणी गप्प होतं, हे तिला कसं माहीत, ते त्याने कधी विचारलं नाही.’

साधारण ऐंशी शब्द आहेत. त्यात एक नियम आला, उकळलेलं पाणी बोलत नाही. उद्या दुसऱ्या कुणाला ईशानला अडवायचं असेल तर त्याच्या हातात शस्त्र आलं. किंमत आली: हा मुलगा कुणाच्या घरी पाणी पिऊ शकत नाही, आणि आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणीच देतात. प्रत्येक घरात त्याला ‘नको’ म्हणावं लागतं आणि प्रत्येक घर ते मनाला लावून घेतं. जिवंत मावशी आली. आणि तिला हे कुठून ठाऊक, हा धागा लोंबता राहिला. तो तुम्हीही बांधू नका. सहा महिन्यांनी मॉडरेटरला कथानक कमी पडेल तेव्हा तो त्याच धाग्याला हात घालेल.

गॉडमॉडिंगबद्दल (दुसऱ्याच्या पात्राचं आपणच परस्पर ठरवून टाकणं) थोडक्यात, कारण याची खात्री झाल्याशिवाय कुठलाही मॉडरेटर ही भूमिका देणार नाही. पाण्याची आठवण ऐकणारा माणूस म्हणजे इतर खेळाडूंच्या पात्रांची गुपितं फोडणारा माणूस. अर्जातच लिहून टाका: दुसऱ्याच्या पात्राबद्दल काही ऐकायचं झालं तर मी आधी ओओसीमध्ये विचारीन, आणि ऐकू येईल ते आवाज म्हणून, अर्थ म्हणून नाही. रडणं ऐकू येतं, कशासाठी ते नाही. माझ्या स्वप्नं वाचणाऱ्या बाईला मी हे एवढं बंधन घातलं असतं तर ती तिसऱ्या आठवड्यात मेली नसती.

लांबी ८०० शब्दांच्या आत ठेवा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्ले खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत पात्राच्या कागदावर आदर्श, बंध आणि उणीव यांना एकेक छोटी चौकट आहे, त्यात दोन वाक्यं मावतात. लोक त्यावरून वर्षानुवर्षं खेळतात. आईवडिलांना कृपा करून जिवंत ठेवा. अगदीच जमत नसेल तर वडील सिंहगड रोडला वेगळे राहतात आणि फोन करत नाहीत, एवढं पुरे. साधू काढा. गडू ठेवा, पण तो साधूने दिलेला नको, हौदावर पाणी मोजायला वापरलेला आणि बुडाला डाग दिलेला असू दे. चुलतभावाला तोच हवा आहे.

तिसऱ्यांदा अर्ज टाकण्यापूर्वी मॉडरेटरला एक छोटा मेसेज करा. दोनच गोष्टी विचारा: आधीचा जलसाक्षी कसा गेला हे ठरलेलं आहे का, आणि बाकीच्या दोघांपैकी कुणाला माझ्या पात्राशी जुनं काही नातं किंवा वैर जोडून हवंय का. मी वाचलेल्या अर्जांत ज्यांनी हे आधी विचारलं त्यांना मी क्वचितच परत पाठवलंय, कारण विचारलं तेव्हाच त्यांनी खेळायला सुरुवात केलेली असते.

राहिलं ग्रहण. ते तुम्हाला आवडलंय हे कळतंय, तर ठेवा. विहीर मात्र उचंबळू देऊ नका. त्या दिवशी घरातलं साठवलेलं पाणी आजीने ओतून दिलं की तुळशीचं पान टाकून तसंच ठेवलं, ते लिहा. आणि ठेवलं असेल, तर तुळस पडलेलं पाणी ईशानला कसं ऐकू येतं, ते मला वाचायचंय.